कौशिला रोका, राहणार बुलढाणा

कौशिला सहा वर्षांची होती तेव्हा एका सकाळी तिला दुसरं नाव मिळालं, आणि ते उतरवायला पुढं जवळजवळ दहा वर्षं गेली.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. तिचा बाप नरबहादुर चिखली रोडवर चायनीजची गाडी लावायचा. नेपाळमधल्या रोल्पा जिल्ह्यातल्या एका डोंगरातल्या गावाहून तो एकोणिसाव्या वर्षी मामाचं बोट धरून बुलढाण्यात आला, आणि मामा परत गेला तरी हा इथंच राहिला. त्या दिवशी सकाळी पत्ताकोबी चिरता चिरता त्याला कोणीतरी सांगितलं, की पोरीचं वय झालं, शाळेत घाल. हात तसेच पुसून तो पोरीला घेऊन गल्लीतल्या शाळेत गेला. मुख्याध्यापक होते तुळशीराम वायाळ सर. समोर ते मोठं, लाल कापडाच्या पाठीचं रजिस्टर.

"नाव सांगा."

"कौशिला."

"कौसल्या," सर म्हणाले आणि लिहिलंही. "आडनाव?"

"रोका."

"रोका? असं कुठं आडनाव राहते का, भाऊ? रोकडे असंन."

नरबहादुरला तेव्हा मराठी निम्मी कळायची. जिथं कळायची नाही तिथं तो मान हलवायचा. त्यानं मान हलवली. "हां साब." मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं ते सरांनी विचारलंच नाही. 'मराठी' लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कौशिलाच्या डोक्यावर हात ठेवला. "झाली पाहा आमची. आता हिले कोनी काई इचारनार नाई."

विचारणारे विचारायचे थांबले नाहीत, ते सोडा. पण वायाळ सर माणूस वाईट नव्हता, हे कौशिला आजही आधी सांगते. पोरगं दोन दिवस आलं नाही तर सर सायकल काढून त्याच्या घरी जायचे. हजेरी घेताना ते "रोकडे" म्हणायचे तेव्हा तिला क्षणभर कळायचं नाही की ही हाक आपल्यालाच आहे. शेजारची धम्मशीला कोपरानं ढोसायची, मग ही "हजर" म्हणायची.

धम्मशीला म्हणजे घरमालकीण केसरबाईची नात. रोकांची खोली केसरबाईच्याच अंगणात होती. केसरबाई पहाटे बाजारातून भाजी आणून गल्लोगल्ली विकायची आणि दुपारी दोन्ही पोरींना समोर बसवून जेवू घालायची. कौशिलाचं मराठी तिथं घडलं, ताटावर. त्यामुळे ते पुस्तकातलं नव्हतंच. "काऊन वं, अजून भाकर पायजे का?" हे वाक्य ती पहिलीत जायच्या आधीपासून केसरबाईच्याच सुरात म्हणायची.

जीभ इथली झाली, पण चेहरा कुठं न्यायचा? बारीक डोळे, चपटं नाक. पोरांनी पहिल्याच वर्षी तिचं नाव 'मंचुरी' ठेवलं. बापाची गाडी सगळ्यांना माहीत होती. कोणी 'चायना' म्हणायचं. रजिस्टरातली कौसल्या रोकडे रजिस्टरातच राहिली.

तिसरीत असताना एकदा ती डबा घरी विसरली. तिची आई देउमती डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली आणि मैदानात खेळणाऱ्या पोरीला तिनं लांबूनच हाक मारली, "ए नानी!" नेपाळीत लहान लेकराला लाडानं 'नानी' म्हणतात. पोरांना ते कसं ठाऊक असणार!

"अबे, मंचुरीची माय तिले आजी म्हनते बे!"

सगळं मैदान हसलं. त्यानंतर महिनाभर पोरं तिला 'नानीमाँ' म्हणून वाकून नमस्कार करायची. त्याच संध्याकाळी कौशिलानं आईला सांगितलं, "तू शाळेत येत नको जाऊ." देउमती शाळेत परत कधीच आली नाही; पालकसभेला नाही, दहावीच्या निकालालाही नाही. पोरांनी चिडवलेलं कौशिला बरंचसं विसरली, पण हे आपलं एक वाक्य तिला विसरता आलेलं नाही.

पाचवीला ती हायस्कुलात गेली. तिथं पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला 'विविधतेत एकता' असा कार्यक्रम व्हायचा. कोणी पंजाबी, कोणी गुजराती, कोणी बंगाली. कौशिला दर वर्षी आसाम. एक वर्ष मणिपूर झाली, तेवढाच काय तो फरक. डोक्याला रंगीत फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि आयुष्यात न पाहिलेल्या राज्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून छातीशी धरलेलं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरींना बारा जानेवारी काय असते ते वेगळं सांगायला नको. जिजाऊंचा जन्म त्या दिवशीचा, आणि माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, सिंदखेडराजाचं. त्या दिवशी प्रत्येक शाळेत कोणीतरी पोरगी नऊवारी नेसून, कपाळाला चंद्रकोर लावून जिजाऊ होते आणि शिवबाला उपदेश करते. सातवीत असताना कौशिलानं तो सगळा उपदेश पाठ केला. केसरबाईनं आपलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून तिला नेसवून पाहिलं, खाली चार बोटं दुमडून टाके घालून दिले. वर्गात निवडीसाठी सगळ्या पोरींकडून म्हणवून घेतलं तेव्हा तिच्याइतकं खणखणीत कोणालाच म्हणता आलं नाही. संजीवनी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ वहीत पाहिलं.

"छान म्हणतेस गं. पण जिजाऊचं काम आपण राखीला देऊ."

"काऊन बाई? माह्यं चुकलं का काई?"

"चुकलं नाही. पण तुझा चेहरा... लोकांना ते वाटायला पाहिजे ना. तू सव्वीस जानेवारीला आहेसच की."

बाईंच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्या तिला समजावतच होत्या. म्हणून तर कौशिलाला भांडताही येईना. बाईंनी तिला पडद्यामागं उभं केलं, राखी अडली तर सांगायला. राखी तीनदा अडली. तिन्ही वेळा कौशिलानं पडद्याआडून वाक्य पुढं दिलं. टाळ्या झाल्या. राखीला बक्षिसात कंपासपेटी मिळाली, आणि ती बिचारी स्वतःहून येऊन म्हणाली, "अर्धी तुही हाये." कंपासपेटी अर्धी कशी करणार? दोघी हसल्या. घरी आल्यावर कौशिलानं लुगड्याचे टाके एकेक करून उसवले आणि घडी घालून ते केसरबाईला परत दिलं. केसरबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

आठवीच्या उन्हाळ्यात नरबहादुर बायकोपोरीला घेऊन गावी गेला. आजी आजारी होती. मलकापूरहून रेल्वे, मग सीमेपासून बस, मग दुसरी बस, मग अर्धा दिवस पायी चढण. कौशिलाला वाटलं होतं की तिथं सगळे आपल्यासारख्या चेहऱ्याचे, तिथं आपल्याला कोणी वळून पाहणार नाही. झालं उलटंच. ती नेपाळी बोलायला लागली की चुलत भावंडं पोट धरून हसायची. तिच्या नेपाळीला वऱ्हाडी हेल होता. मक्याचा भात तिला गिळेना. बायका एकमेकींना सांगायच्या, इंडियाची पोर आली.

आजी अंथरुणावर होती. नजर गेलेली. तिनं नातीचा हात हातात घेऊन विचारलं, तुझं नाव काय गं? आणि कौशिलाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कौसल्या रोकडे."

"ही कोण?" आजीनं पोराकडे तोंड वळवून विचारलं. "नरबहादुर, तुझी लेक कुठाय?"

आजीला ऐकूही कमी येत होतं, हे खरं. सगळे हसले, नरबहादुरनं नीट सांगितलं, आजीनं पुन्हा हात धरला. गोष्ट तिथंच मिटली. पण परतीच्या रेल्वेत कौशिला खिडकीशी बसून त्याच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा जात होती. इथं लोक म्हणतात, तू तिकडची. तिकडे म्हणतात, इकडची. निदान नाव तरी आपलं असावं की नाही? जे नाव ऐकून आजीसुद्धा ओळखत नाही, ते वागवत आपण कोणाला फसवून राह्यलो?

दहावीच्या वर्षी बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ जवळ आली, आणि तो प्रश्न टेबलावरच आला. आधार कार्डावर 'कौशिला नरबहादुर रोका', शाळेत 'कौसल्या नरबहादुर रोकडे'. हायस्कुलातले लिपिक गजेंद्रभाऊ दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग त्यांनी बापलेकीला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "आधार बदलून घ्या. रोकडे करा. पोरगी बोलते आपल्यासारखी, जन्म सरकारी दवाखान्यातला. उद्या रहिवासी दाखला लागला, काई लागलं, तं कोनाले शंका यायची नाई. रोका ठेवाल तं जागोजागी अडकान. नावातच रोका हाये."

नरबहादुरला ते पटलं. वीस-बावीस वर्षं या गावात काढून तो एकच गोष्ट शिकला होता: नजरेत भरायचं नाही. घरी येऊन तो म्हणाला, "रोकडेच राहू दे. तुले नर्स बनायचं हाये ना? मंग?"

"बा, रोकडे कोन हाये आपल्यात?"

"कोनी नाई. म्हून तं बरं हाये."

देउमती स्टोव्हशी बसून ऐकत होती. अंगणात केसरबाई मेथी निवडत बसली होती, तिच्या कानावर सगळं पडलं होतं. कौशिला तिच्याजवळ जाऊन बसली तेव्हा केसरबाई आपलीच गोष्ट सांगू लागली. "माह्या बहिनीचा पोरगा पुन्याले गेला शिकाले. खोली भेटे ना. आडनाव ऐकलं का खोली भरली म्हनत. मंग त्यानं आडनाव बदललं, कागदावर, रीतसर. खोली भेटली, नोकरी भेटली. चांगलं झालं त्याचं, मी नाई कशाले म्हनू? पन आता त्याचे मित्र घरी येनार असले, का तो मायले सांगते, तू दोन दिवस गावाले जाय."

एवढं बोलून ती जुड्या बांधायला लागली. तू असं कर, तसं कर, असं तिनं सांगितलं नाही. पण कौशिलाला शाळेचं फाटक आठवलं, आणि हातात डबा घेतलेली आई.

शाळेची नोंद बदलून रोका करायची तर मूळ नोंद कशी चुकली याचा पुरावा हवा, असं गजेंद्रभाऊ म्हणाले. म्हणजे वायाळ सर. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. कौशिला एकटीच गेली. सर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. "अरे, ये ये, रोकडे!" त्यांनी लगेच ओळखलं. चहा मागवला.

"सर, मले माह्यं नाव वापस पायजे."

"कोणतं नाव?"

"रोका. तुमच्याकून ऐकन्यात चूक झाली होती ना, तसं लिहून द्या. शिक्षणाधिकाऱ्याकडे लागते."

सरांनी झारी खाली ठेवली. "ऐकण्यात चूक नाही झाली, पोरी. मले बरोबर ऐकू आलं होतं."

कौशिलानं चहाचा कप खाली ठेवला.

"त्याच्या मागल्या वर्षी एक पोरगं आलं होतं शाळेत. बिहारकडचं, फरशी बसवणाऱ्याचं. मी त्याचं नाव जसंच्या तसं लिहिलं. पोट्ट्यांनी त्या नावाचं असं काई केलं का दिवाळीनंतर ते आलंच नाही. दोनदा घरी गेलो त्याच्या. बाजेखाली लपून बसे. म्हणून तुझ्या वेळी म्हटलं, ही तं टिकली पाहिजे. मी तुले आपल्यात घेतलं होतं, बेटा. आणि तू आता म्हणतेस की खोडून टाका."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. इतक्या वर्षांत आपल्यासाठी असं कोणी ठरवून काही केलं होतं हे कौशिलाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला वाटलं, उठावं आणि जावं. पण ती उठली नाही.

"सर, तुम्ही कौसल्येले आपल्यात घेतलं," ती म्हणाली. "मी भायेरच राह्यली. मंचुरी तं मले तसंही म्हनलंच लोकायनं. तोंड कुठं बदलते? आनि आता मी खोटी पन झाली."

सर आत जाऊन कागद घेऊन आले. "जाणूनबुजून लिहिलं, असं लिहू का? खरं तं तेच हाये."

"नाई सर. तुम्हाले तरास होईन. ऐकन्यात चूक झाली असंच लिहा."

अशी ती न झालेली चूक सरांनी आपल्या सुंदर, वळणदार अक्षरात कबूल केली आणि खाली सही केली. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात सगळे रोकाच का?" ती म्हणाली, अर्धं गाव. सर म्हणाले, आपल्याकडेही अर्धं गाव वायाळ असते.

अर्जावर पालकाची सही लागत होती, म्हणून नरबहादुर मनाविरुद्ध का होईना तिच्याबरोबर गेला; शिक्षणाधिकारी कार्यालयात दोघांनी चार चकरा मारल्या. तिथला एक बाबू कागद पाहून हसला. "लोकं इथलं व्हायले कागद आनतात, तुम्ही परकं व्हायले आनले." फॉर्मची मुदत संपायच्या तीन दिवस आधी आदेश आला. रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्ती झाली. नाव कौशिला, आडनाव रोका, मातृभाषा नेपाळी, राष्ट्रीयत्व नेपाळी.

वर्गात आठवडाभर धुमाकूळ. पोरं तिच्यासमोर आडवे हात करून "रास्ता रोको! रास्ता रोको!" ओरडायची. पण या वेळी धम्मशीलानं कोपरानं ढोसायच्या आत कौशिलाच हसून म्हणाली, "हाव, थांबा मंग तिथंच." गंमत अशी की मंचुरी हे नाव त्यात मागं पडलं.

हे सगळं झाल्यावर चांगलंच झालं असं मात्र नाही. बारावीनंतर नर्सिंगला रहिवासी दाखला लागला, तो मिळेना. तहसीलमध्ये सांगितलं, बाप नेपाळचा तर तू नेपाळची. जन्म इथं झाला तेवढ्यानं भागत नाही. धम्मशीलाचा नंबर लागला, ती अकोल्याला गेली. कौशिला तिला बसस्टँडवर सोडायला गेली, बस हलेपर्यंत हसत उभी राहिली आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. नरबहादुर चिडून म्हणाला, "एका नावापायी रस्ता घालवला." तो पुढं कित्येक महिने तिच्याशी धड बोलला नाही. रोकडे राहिली असती तर दाखला मिळाला असता का? कदाचित मिळाला असता. मग एखाद्या दिवशी पकडली गेली असती का? तेही कोणी सांगावं. यावर कौशिला आजही ठाम बोलत नाही. कधी म्हणते, बरोबर केलं. धम्मशीला सुट्टीत पांढऱ्या गणवेशातले फोटो दाखवते तेव्हा काहीच म्हणत नाही.

तिनं एका खाजगी संस्थेतून रक्त तपासणीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आता ती तेवीस वर्षांची आहे आणि मोताळ्याला एका लॅबमध्ये काम करते. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी परत. आई पहिल्यांदा लॅब पाहायला आली, ती कौशिलानं हात धरून आणली म्हणून. डॉक्टरांसमोर, पेशंटसमोर तिनं सांगितलं, "ही माही आमा. माही माय." देउमती भांबावून सगळ्यांना नमस्कार करत राहिली.

मोताळ्यात आठवडी बाजाराच्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होते. खेड्यातली म्हातारी माणसं बाजार करता करता शुगर तपासून जातात. शीर सापडत नाही अशा हातांसाठी लोक तिलाच शोधत येतात. "त्या नेपाळच्या पोरीकडेच द्या, ती दुखू देत नाई," असं एकमेकांना सांगतात. तिला ते ऐकून काय वाटतं, हे तिनं कधी नीट ठरवलेलं नाही.

परवाच्या बाजारात अंबूबाई नावाची एक म्हातारी आली. कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले हात, डोक्यावरून पदर. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं कौशिलाला खालीवर न्याहाळलं.

"तू कुठली वं, पोरी?"

"बुल्ढान्याची."

"तशी नाई. मुळातली कुठली?"

"मुळातली नेपाळची."

"लय दूर हाये म्हनतात."

"हाये ना. तीन दिवस लागतात."

"मंग इकडं काऊन आली?"

"मी नाई आली, आजी. माहा बा आला. मी इथंच झाली."

"आमचंबी तसंच हाये," म्हातारी म्हणाली. "माहा सासरा खानदेशातून आला. साठ वर्षं झाली असतीन. अजूनबी गावात आमाले खानदेशीच म्हनतात." तिला त्याचं फार दुःख असावं असं वाटलं नाही. पिशवीतली वांगी कलंडत होती, ती तिनं पायानं आत सारली. "सुई बारीक घे मातर."

"बारीकच हाये," कौशिला म्हणाली आणि दंडाला रबरी पट्टा बांधला. "मूठ आवळा, आजी."